यार्डांचा तक्ता, मीटरांचा तलाव : एका जलतरण वर्गाचे दोन वर्षांनंतरचे परीक्षण

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली, तेव्हा पणजीतील कांपालच्या तरणतलावावरील शर्यती पाहायला मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते. त्या एका दुपारचा परिणाम असा झाला की पुढच्या जानेवारीत तिचे नाव बार्देश तालुक्यातील एका खासगी जलतरण वर्गात घालावे लागले. तेव्हा ती नुकतीच दहा वर्षांची झाली होती, आज बारा वर्षांची आहे. या दोन वर्षांत वर्गाने तिला काय दिले, कशाचे पैसे घेतले आणि कुठे चुकवले, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण वर्गाची चौकशी करणारे पालक मला जो प्रश्न हमखास विचारतात तो शुल्काचा नसतो. 'या वयात मुलाचा वेळ किती यायला हवा?' हा तो प्रश्न असतो. वर्गाचे नाव मी देत नाही, कारण खाली ज्या दोषाविषयी लिहिले आहे तो एकाच वर्गापुरता आहे असे मला वाटत नाही.

आधी चांगल्या बाजूविषयी लिहिते, कारण ती खरोखर चांगली आहे. येथील मुख्य प्रशिक्षक, ज्यांना मुले आणि पालक सगळेच नुसते 'सर' म्हणतात, ते पोहायला शिकवण्यात तरबेज आहेत. माझी मुलगी आधीपासून पोहत होती, म्हणजे गावच्या तळीत मामाच्या देखरेखीखाली जसे पोहतात तसे, मान वर काढून आणि हातपाय आपटून. सरांनी पहिले सहा आठवडे तिला वेगाचे नावही काढू दिले नाही. श्वास घेताना चष्म्याची एक काच पाण्यात आणि एक काच बाहेर राहिली पाहिजे, एवढी एकच गोष्ट ते काठावरून चालत चालत सांगत राहत. त्यानंतर त्यांनी सगळ्यांना मुठी वळून पोहायला लावले. मुठी वळल्या की तळहाताचा उपयोग संपतो आणि पाणी मागे ढकलण्यासाठी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात वापरावाच लागतो. दहा-बारा फेऱ्यांनंतर मुठी उघडायला सांगितल्यावर मुलगी काठाला येऊन मला म्हणाली, "आई, आता पाणी हाताला लागतंय." एवढ्या एका वाक्यासाठी मी त्या तिमाहीचे शुल्क वसूल झाले असे मानले.

इतर सोयींचे थोडक्यात सांगता येईल. तलाव २५ मीटरचा, चार लेनचा आणि उघडा आहे. पाणी स्वच्छ असते आणि क्लोरिनची तपासणी रोज सकाळी होताना मी स्वतः पाहिली आहे. मे महिन्यात मात्र ते इतके कोमट होते की मुले लवकर थकतात. स्पर्धेच्या तलावासाठी २५ ते २८ अंश तापमानाचा जो नियम आहे, तो आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या तलावाला पाळणे कठीणच असते. जीवरक्षक कायम हजर असतो. पावसाळ्यात वीज चमकू लागली की मुलांना ताबडतोब बाहेर काढतात आणि तो दिवस बुडतो, त्याची भरपाई मिळत नाही. याबद्दल काही पालक कुरकुर करतात, परंतु मला त्यात वर्गाची चूक दिसत नाही. कपडे बदलण्याच्या खोल्या अपुऱ्या आहेत. सहायक प्रशिक्षक सारखे बदलतात, त्यामुळे एकाने सांगितलेले दुसऱ्याला ठाऊक नसते. चौदा मुलांना दोन लेन ही गर्दीच आहे.

आता मुख्य विषयाकडे येते. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वर्गात 'टाइम टेस्ट' होते. ५० मीटर फ्रीस्टाइल सगळ्यांना आणि आणखी एक प्रकार ज्याच्या त्याच्या आवडीचा. कार्यालयाच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये मढवलेला एक तक्ता होता, त्यात वयोगट, मुलगा की मुलगी आणि शर्यत यांच्यानुसार सेकंद दिलेले होते. त्या सेकंदांना वर्गाने आपल्या सोयीने सोनेरी, रुपेरी आणि तांबडी अशी नावे दिली होती. चाचणीच्या दिवशी पालकांनी या तक्त्यासमोर उभे राहून बोटाने ओळ शोधायची, मग मुलाकडे वळून 'अजून दोन सेकंद' असे म्हणायचे, हा जणू शिरस्ताच होता. मीही ते केले आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मुलीचा वेळ ३८ सेकंद आला आणि ती तिच्या गटातल्या रुपेरी ओळीपेक्षा बरोबर दोन सेकंदांनी मागे पडली. त्या संध्याकाळी घरी जाताना ती गाडीत काही बोलली नाही. म्हापशाच्या बाजारात थांबून घेतलेला भाजीपावही तिने अर्धाच खाल्ला.

पुढच्या महिन्यात शुल्क भरायला गेले असताना कार्यालयात कोणी नव्हते, म्हणून तो तक्ता मी प्रथमच निवांतपणे वाचला. उजव्या खालच्या कोपऱ्यात चिकटपट्टीच्या अर्ध्या आड तीन इंग्रजी अक्षरे होती : एस, सी, वाय. घरी येऊन शोधले तेव्हा कळले की त्यांचा अर्थ 'शॉर्ट कोर्स यार्ड्स', म्हणजे २५ यार्डांचा तलाव. अमेरिकेत शाळा-महाविद्यालयांचे बहुतेक तलाव २५ यार्डांचे असतात, आणि तेथील जलतरण संघटना लहान मुलांसाठी बी, बीबी, ए पासून चार ए पर्यंत जी वयोगटवार वेळमाने प्रसिद्ध करते, ती २५ यार्ड, २५ मीटर आणि ५० मीटर अशा तिन्ही तलावांसाठी वेगवेगळी असतात. आमच्या वर्गात कोणीतरी त्यातला यार्डांचा कागद छापून घेतला होता, आणि आमची मुले मीटरच्या तलावात पोहत होती.

हा फरक किती मोठा, हे ज्याने मोजले नाही त्याला किरकोळ वाटेल. ५० यार्ड म्हणजे ४५.७२ मीटर, म्हणजे अंतर ४.२८ मीटरने कमी. ३८ सेकंदांत ५० मीटर पोहणारी मुलगी सेकंदाला सुमारे १.३२ मीटर पुढे सरकते, त्या गतीने ४.२८ मीटरला तिला जवळजवळ सव्वातीन सेकंद लागतात. याचाच अर्थ असा की तक्त्यावर दोन सेकंदांनी मागे दिसणारी माझी मुलगी प्रत्यक्षात त्या ओळीच्या सव्वा सेकंद पुढे होती. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे आणि सूर व वळण यांमुळे तो थोडाफार इकडेतिकडे होईल, हे मला मान्य आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. अमेरिकेतल्या मुलांच्या वेळा तलावाच्या काठावरील उंच ठोकळ्यावरून सूर मारून सुरू होतात, आणि आमच्या तलावाला ठोकळेच नाहीत. असू नयेत हेच योग्य, कारण सूर मारण्याच्या बाजूला भिंतीपासून १ ते ६ मीटरपर्यंत किमान १.३५ मीटर खोली असावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि येथे उथळ टोकाला पाणी जेमतेम माझ्या छातीपर्यंत येते. मुले भिंतीला पाय लावून ढकलून निघतात. सुराऐवजी अशी सुरुवात केली की ५० मीटरमध्ये एक-दोन सेकंद सहज जातात. हे सगळे जमेस धरले तर वर्षभर ज्या मुलांना 'तू मागे आहेस' असे सांगितले गेले, त्यांतली निम्मी मुले कदाचित मागे नव्हतीच.

घड्याळाचीही एक गंमत आहे. सर स्वतः वेळ घेतात तेव्हा ते 'गो' म्हणताना अंगठा दाबतात, सहायक प्रशिक्षक मात्र मुलाचे पाय भिंतीवरून सुटल्यावर दाबतो. हाताने घेतलेल्या वेळेत माणसाच्या प्रतिक्रियेमुळे पाव-अर्धा सेकंद असाही इकडेतिकडे होतो, मग वर्गाच्या दाखल्यावर शंभराव्या भागापर्यंत लिहिलेले आकडे पाहून हसावे की काय करावे, हे मला कळत नाही. एका महिन्यात एका मुलाने ०.९ सेकंदांची प्रगती केली म्हणून टाळ्या वाजल्या, आणि त्या महिन्यात घड्याळ धरणारा माणूस बदलला होता.

तक्त्यामुळे झालेला खरा तोटा २०२५ च्या उन्हाळ्यात कळला. पणजीत ५० मीटरच्या तलावावर झालेल्या एका स्पर्धेत वर्गाने सहा मुलांची नावे दिली, त्यांत माझी मुलगी होती. वर्गातल्या मार्चच्या चाचणीत तिने ३६.९ सेकंद केले होते, म्हणून तिला आणि मलाही ३६ च्या आसपास अपेक्षा होती. तिने ठोकळ्यावरून सूर मारला, पाण्यात शिरताच चष्मा कपाळावर सरकला, एका डोळ्यात पाणी भरले आणि तशीच ती पोहत राहिली. अर्ध्यावर आल्यावर सवयीने भिंत शोधत असावी, कारण तिचा हात क्षणभर रेंगाळलेला मला वरून दिसला. पण तिथे भिंत नव्हती. वेळ आला ३९.८. बाहेर येऊन तिने विचारले, "आई, मी आधीपेक्षा हळू झाले का?" चष्म्याचा भाग बाजूला ठेवला तरी, २५ मीटरच्या तलावात ५० मीटरला एक वळण मिळते आणि त्या वळणात भिंतीला दिलेला रेटा हा त्या मुलांच्या पोहण्यातला सर्वांत वेगवान भाग असतो, १०० मीटरला अशी तीन वळणे मिळतात आणि मोठ्या तलावात एकच, हे तिला वर्गात कोणी सांगितले नव्हते. सूर मारण्याचा सरावही झालेला नव्हता. तक्ता मात्र दर महिन्याला दाखवला गेला होता.

वयाच्या बाबतीतही हा तक्ता आमच्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. अमेरिकेत स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मुलाचे जे वय असेल त्यावरून गट ठरतो, तर आपल्याकडे राष्ट्रीय जलतरण महासंघाच्या स्पर्धांत ३१ डिसेंबरला पूर्ण होणारे वय धरतात, म्हणजे प्रत्यक्षात जन्मवर्षच. माझी मुलगी नोव्हेंबरची आहे. वर्गाच्या तक्त्यावर ती नोव्हेंबरपर्यंत धाकट्या गटात राहते, पण स्पर्धेच्या अर्जावर जानेवारीपासूनच एक वर्षाने मोठी होते. तिच्याच बॅचमध्ये त्याच वर्षीच्या जानेवारीत जन्मलेली दुसरी मुलगी आहे, जी तिच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठी आणि वीतभर उंच आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात दहा महिने म्हणजे जवळपास बारावा हिस्सा. एका रेषेवर उभे करून दोघींचे सेकंद ताडून पाहणे हे दोघींवरही अन्याय करणारे आहे, कारण मोठीला वाटते की आपण जन्मजात वेगवान आहोत.

शरीराच्या वाढीचा भाग तर याहून मोठा आहे आणि त्याविषयी वर्गात एक शब्दही बोलला जात नाही. मुलींची उंची साधारणपणे बाराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते आणि मुलांची चौदाव्याच्या सुमारास. एका वर्षाने मागेपुढे होणे अगदी स्वाभाविक असते. म्हणून अकरा-बाराव्या वर्षी मुली मुलांना हरवताना दिसतात आणि चौदाव्यानंतर चित्र पालटते. ज्याची उंची लवकर वाढली त्याला बाराव्या वर्षी पदके मिळतात, ज्याची उशिरा वाढते तो त्या काळात पोहणे सोडून देतो, आणि सोळाव्या वर्षी दोघे एका उंचीचे होतात तेव्हा दुसरा तलावावर नसतोच. उंची एकदम वाढली की काही महिने हातपाय जुळत नाहीत आणि वेळ थांबतो किंवा मागेही जातो. अशा वेळी मुलाला आळशी म्हणणारे पालक मी काठावर पाहिले आहेत, आणि मीही त्यांच्यात एकदा बसले होते.

तरीही आकडा विचारणाऱ्याला आकडा द्यायलाच हवा, नुसते 'प्रत्येक मूल वेगळे' म्हणून टाळणे बरोबर नाही. दोन वर्षे स्पर्धांचे निकाल वाचून माझा जो ढोबळ अंदाज झाला आहे तो असा : वर्षभर नियमित सराव केलेल्या दहा वर्षांच्या मुला-मुलीने मोठ्या तलावात ५० मीटर फ्रीस्टाइल ४० ते ४५ सेकंदांत, नीट श्वास घेत पूर्ण केले तर ते समाधानकारक आहे आणि ३५ च्या आत असेल तर मूल विशेष आहे. बाराव्या वर्षी ३३ ते ३६ हा चांगला वेळ. चौदाव्या वर्षी मुलगा २८ ते ३० आणि मुलगी ३० ते ३२ च्या दरम्यान असेल तर राज्यपातळीवर उभे राहता येते. राष्ट्रीय पदके याहून बरीच पुढे असतात. १०० मीटरसाठी ५० च्या वेळेची दुप्पट करून त्यात पाच ते आठ सेकंद मिळवावेत. त्याहून अधिक मिळवावे लागत असतील तर दोष वेगात नसून दमात आहे, हे ओळखायला ही युक्ती मला उपयोगी पडली. आणि प्रगतीचा वेगही वयानुसार बदलतो. दहा ते तेरा या काळात वर्षाला दोन-तीन सेकंद आपोआप कमी होतात, सोळानंतर वर्षभर घाम गाळून अर्धा सेकंद मिळाला तरी प्रशिक्षक खूश होतात.

२०२३ ला कांपालला आम्ही जे पाहिले त्याचा अर्थ मला आता नीट लागतो. त्या स्पर्धेत कर्नाटकच्या धिनिधी देसिंघू हिने सात सुवर्णपदके जिंकली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये चौदाव्या वर्षी ती २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरली. त्याच स्पर्धेत, त्याच पाण्यात, महाराष्ट्राच्या वीरधवल खाडे याने ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकली, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. कोल्हापूरचा हा जलतरणपटू २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी पोहला होता, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक घेऊन आला, नंतर तहसीलदार म्हणून सरकारी नोकरीत रुजू झाल्यावर काही वर्षे स्पर्धेपासून दूर राहिला, आणि परत येऊन २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल २२.४३ सेकंदांत पोहला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत कांस्यपदक त्याच्या हातून सेकंदाच्या शंभराव्या भागाने निसटले. पालकांच्या गटात मात्र असली उदाहरणे फिरत नाहीत. २०२५ मध्ये सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत चीनची बारा वर्षांची यू झिदी तीन वैयक्तिक शर्यतींत चौथी आली, ती बातमी माझ्या फोनवर एका दिवसात पाच वेळा आली, आणि प्रत्येक वेळी खाली कोणीतरी आपल्या बारा वर्षांच्या मुलाविषयी काहीतरी लिहिले होते. अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सने दहाव्या वर्षी आपल्या वयोगटाचा राष्ट्रीय विक्रम केला हे सर्वांना ठाऊक असते. त्याच देशाचा अँथनी एर्व्हिन २००० साली ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकून पुढे वर्षानुवर्षे स्पर्धेपासून दूर राहिला आणि २०१६ मध्ये पस्तिसाव्या वर्षी तेच सुवर्ण पुन्हा जिंकला, हे फारसे कोणी सांगत नाही.

वर्गाच्या बाबतीत माझी सर्वांत मोठी तक्रार पुढची आहे. तक्त्यावरच्या रुपेरी ओळीच्या आत वेळ आला की मूल 'ॲडव्हान्स बॅच'ला जाते, जिचे शुल्क तिमाहीला साडेसात हजारांवरून साडेअकरा हजार होते आणि जिथे आठवड्यातून सहा दिवस सराव असतो. म्हणजे आकडा हा शिकवण्याचे साधन न राहता प्रवेशाचे तिकीट झाला आहे. आमच्या शेजारच्या बाईंचा मुलगा दहाव्या वर्षीच उंचापुरा होता, त्याचा वेळ सहज आत आला आणि त्याला त्या बॅचमध्ये घेतले. त्याचा हात पाण्यात शिरताना डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे जातो हे सरांनी पूर्वी सांगितले होते, पण वरच्या बॅचमध्ये सरावाचे अंतर दुपटीहून अधिक झाले आणि ती चूक तशीच राहिली. चार महिन्यांत त्याचा उजवा खांदा दुखू लागला. डॉक्टरांनी सहा आठवडे पाण्यापासून दूर राहायला सांगितले. उलट एक किरकोळ बांध्याचा मुलगा, ज्याचे पोहणे पाहत राहावे इतके मऊ आहे, तो तेराव्या वर्षीही खालच्या बॅचमध्ये आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर आहे, कारण त्याचे सेकंद बसत नाहीत.

यार्डांची गोष्ट मी सरांना दाखवली तो प्रसंग मात्र त्यांच्या बाजूने नोंदवला पाहिजे. मी फोनवर तिन्ही तलावांची कोष्टके उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी आधी म्हटले, "मॅडम, सगळीकडे हाच तक्ता वापरतात." मग चष्मा लावून भिंतीवरच्या कागदाचा कोपरा जवळून पाहिला, चिकटपट्टी नखाने काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी एवढेच म्हणाले, "तीन वर्षं झाली हा इथं आहे." तीन आठवड्यांनी नवा तक्ता लागला, २५ मीटरचा, आणि त्याच्या शेजारी ५० मीटरचा. चूक दाखवल्यावर ती मान्य करणारे प्रशिक्षक फार भेटत नाहीत. जुन्या तक्त्यामुळे खालच्या बॅचमध्ये अडकलेल्या मुलांचे काय, असे विचारले तेव्हा त्यांनी तो विषय कार्यालयाकडे ढकलला, आणि कार्यालयाने अजून उत्तर दिलेले नाही.

तेव्हापासून मी मुलीच्या नावाने एक वही ठेवली आहे, आणि चाचणीच्या दिवशी तीत सेकंदांबरोबर २५ मीटरला हात किती मारले तेही लिहिते. जलतरणात या दोन आकड्यांच्या बेरजेला 'स्वोल्फ' म्हणतात. पोहणे आणि गोल्फ या दोन खेळांच्या इंग्रजी नावांचा तो जोडशब्द आहे, कारण गोल्फप्रमाणेच येथेही आकडा जितका कमी तितके चांगले. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिचे १९ सेकंद आणि २४ हात, म्हणजे ४३ झाले होते. या महिन्यात १८ सेकंद आणि २० हात, म्हणजे ३८. सेकंद एकच कमी झाला आहे, पण चार हात वाचले, म्हणजे प्रत्येक हाताला ती पूर्वीपेक्षा वीस सेंटिमीटरहून अधिक पुढे सरकते. भिंतीवरच्या कोणत्याही तक्त्यात ही प्रगती दिसणार नाही. वहीचा दुसरा फायदा असा की दुसऱ्याच्या मुलाचा आकडा तीत नसतो. सहायक प्रशिक्षकांनी आधी याला हसून घेतले, आता त्यांतला एक जण स्वतःहून हात मोजून देतो.

ज्या पालकांना मुलाने पाण्यात निर्धास्त व्हावे, चारही प्रकार शुद्ध शिकावेत असे वाटते, त्यांनी हा वर्ग जरूर निवडावा. या कामात बार्देशात याहून चांगला शिक्षक मी पाहिलेला नाही. मूल स्पर्धेत उतरवायचे असेल तर येथील सरावाला जोडून आठवड्यातून एकदा तरी ५० मीटरच्या तलावावर नेण्याची आणि ठोकळ्यावरून सूर शिकवण्याची सोय स्वतः करावी लागेल. आम्ही रविवारी सकाळी पणजीला जातो. वरच्या बॅचसाठी बोलावणे आले तर मुलाची पद्धत तयार आहे का, हे सरांना प्रत्यक्ष भेटून विचारावे, कार्यालयात विचारू नये. चाचणीच्या दाखल्याचे वेगळे दोनशे रुपये घेतात, ते ऐच्छिक आहेत हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. संध्याकाळची पाचची बॅच गर्दीची आहे, सकाळी साडेसहाची मोकळी असते आणि तिला सर स्वतः असतात. गाड्या लावायला जागा चारच, त्यामुळे सव्वासहाला पोहोचलेले बरे.